आजीने गोळ्या बंद केल्यात, 'प्रभूने बरं केलं' म्हणते. कसं समजवायचं?

सातरस्ता:
आजी 74 वर्षांची, सोलापुरातच असते. साखर, बीपी आणि थायरॉइड आहे. सकाळी थायरॉक्सिन 75, नाश्त्याआधी साखरेसाठी ग्लिमेपिराइड 2 आणि मेटफॉर्मिन, शिवाय बीपीसाठी एटेनोलॉल 50 चालू होतं. हल्ली चर्चच्या शुक्रवारच्या उपास-प्रार्थनेला जाते. तिथे तेल लावून, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना झाली. तिने मंडळीसमोर 'मी बरी झाले' अशी साक्ष दिली आणि त्या दिवसापासून सगळ्या गोळ्या बंद. आठवडा उलटून गेलाय. उपाशीपोटी साखर 168 आली, पण 'मला हलकं वाटतंय' म्हणते आणि खरंच तशी दिसतेही. तिची श्रद्धा मोडायची नाहीये. शास्त्रातलं काय दाखवता येईल? आणि उपास धरून गोळ्या घेता येतील का?

रात्रपाळी:
शास्त्राचं नंतर, आधी एटेनोलॉल. ही गोळी एकदम सोडली की पहिल्या दोन आठवड्यांत धडधड, छातीत दुखणं, बीपी उसळणं हे सगळं होऊ शकतं. हृदयाचा त्रास असेल तर धोका जास्त. आजच बीपी आणि नाडी मोजा आणि आकडे हातात घेऊन डॉक्टरांना फोन करा. कुठली गोळी कितीने परत सुरू करायची ते त्यांनाच ठरवू द्या.

हलकं वाटण्याचं कारण बहुतेक असं असेल: मेटफॉर्मिनने होणारे गॅस आणि जुलाब थांबले, ग्लिमेपिराइडमुळे जेवणाआधी साखर खाली जाऊन येणारा गळाठा थांबला. थायरॉक्सिनचं अर्धं प्रमाण रक्तातून जायला साधारण 7 दिवस लागतात, त्यामुळे त्याची सुस्ती आणि सूज दिसायला काही आठवडे जातात. म्हणजे पहिला महिना साक्षीच्या बाजूनेच जातो!

एचबीए1सी लगेच करू नका. तो रक्तातल्या साखरेची मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतो. गोळ्या चालू असतानाचे दिवस त्यात धरले जाऊन रिपोर्ट चांगला येईल, आणि आजी तोच पुढे करेल. घरीच उपाशीपोटी आणि जेवणानंतर 2 तासांनी मोजा.

हुतात्माबाग:
सलाम. बायबलात याकोब 5:14 मध्ये मंडळीच्या वडिलांना बोलवा, प्रभूच्या नावाने तेल लावून प्रार्थना करा, एवढंच आहे. औषध सोडा असं तिथे नाही. कॅथलिकांतही फादर आजाऱ्याच्या कपाळाला आणि तळहातांना तेल लावतात, इलाज चालूच असतो.

आजीसमोर यशया 38 उघडा. 5व्या वचनात देव संदेष्ट्याकरवी आजारी हिज्कीया राजाला 15 वर्षं आयुष्य वाढवून देतो आणि 21व्यात तोच संदेष्टा गळवावर अंजिराची चांदकी बांधायला सांगतो. वचन मिळालं होतं, तरी लेप लावलाच. मग 1 तीमथ्य 5:23, पोटासाठी थोडा द्राक्षारस. लूक 17:14 सुद्धा वाचा. कुष्ठरोग्यांना 'जा, याजकाला दाखवा' सांगितलं, म्हणजे बरं झाल्याची तपासणी प्रभूनेच करायला लावली. साक्षीला रिपोर्टची जोड हवी, हे तिला पटेल.

पौलाच्या देहातल्या काट्याचं वचन (प्रार्थना करूनही त्याचा तो त्रास गेला नाही) मात्र आत्ता काढू नका. 'तुझा विश्वास कमी पडला' असंच तिला ऐकू येईल. गोळी घेतली तर अविश्वास ठरेल, ही तिची खरी भीती आहे. ती नातवंडांच्या बोलण्याने जात नाही. तिच्या मंडळीच्या पाळकसाहेबांना घरी बोलवा आणि गोळ्यांच्या डबीवर हात ठेवून प्रार्थना करायला सांगा. मिरजेचं वानलेस हॉस्पिटल 1894 मध्ये मिशनच्या डॉक्टरांनीच उभं केलं, हेही त्यांच्याच तोंडून येऊ द्या.

कडक_भाकरी:
असल्या प्रार्थना घेणाऱ्यांवर सरळ तक्रार ठोका. 1954 चा कायदा आहे.

रात्रपाळी:
तो चमत्कारी इलाजांच्या जाहिरातींचा कायदा आहे. मधुमेह त्याच्या यादीत आहे, पण आजी स्वतःहून गोळ्या सोडते त्याला तो कसा लागणार? शिवाय पोलिस आले की आजी छळ सोसल्याचीही साक्ष देईल.

सातरस्ता:
गोळ्या परत सुरू झाल्या तर शुक्रवारच्या उपासाचं काय?

रात्रपाळी:
पाणीही न पिण्याचा उपास नको. लेंट (ईस्टरआधीचा उपासकाळ) येतो तेव्हा सोलापूर तापायला लागलेलं असतं, त्यात लघवीची गोळी असेल तर बीपी उतरून चक्कर येते. पाणी, ताक चालू ठेवा.

ग्लिमेपिराइड पोट रिकामं ठेवून घ्यायची नाही. उपासाच्या दिवसाचा डोस डॉक्टरांकडून वेगळा लिहून घ्या. पुढे कधी साखरेसाठी डापाग्लिफ्लोझिन दिलं तर उपास करते हे आवर्जून सांगा. त्या गोळीवर लांब उपास केला तर साखर फारशी न वाढताही रक्तात आम्ल साचतं.

साखर 70 च्या खाली गेली की उपास तिथेच सुटला. 3 चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, 15 मिनिटांनी परत मोजा, मग भाकरी किंवा भात खायला द्या, कारण ग्लिमेपिराइडने साखर काही तासांनी पुन्हा खाली जाते. एटेनोलॉल चालू असताना हात थरथरत नाहीत, धडधडही कळत नाही. घाम मात्र फुटतो. प्रार्थनेत शेजारी बसणाऱ्या बाईंना हे सांगून ठेवा, नाहीतर घामाघूम होऊन खाली बसलेल्या आजीला लोक 'आत्मा उतरला' म्हणून तसंच ठेवतील.

हुतात्माबाग:
थायरॉक्सिनचं सोपं आहे. ती पहाटेच्या प्रार्थनेला बसायच्या आधी पाण्याबरोबर घ्यायची. अर्ध्या-पाऊण तासाने आमेन, मग चहा.