बट्टी तळताना फुटते आणि तेल पिते, काय करावं?

गंगापूररोडकर: चौघांसाठी खान्देशी वरण-बट्टी करायची आहे. घरात ओव्हन नाही. चपातीच्या कणकेचे गोळे पाण्यात उकळून लगेच तळले तर फुटतात आणि आतून चिकट राहतात. इंदूरकडे पाण्यातच उकळतात ना? सोबत भाजी कोणती करावी?

खापर_चूल: पहिली गोष्ट म्हणजे पीठ. चपातीचं बारीक पीठ चालणार नाही. गिरणीत "बट्टीचं" म्हणून सांगा, रवाळ दळून देतात. नाशिकात सिडको-सातपूरकडे तर जास्त काही समजवावंच लागत नाही. चार वाट्या गव्हाला एक वाटी मका घालून दळून आणा. अर्धा किलो पिठाला चार मोठे चमचे कडकडीत तेलाचं मोहन, एक चमचा ओवा, अर्धा चमचा हळद आणि मीठ. मोहन घातल्यावर पिठाचा मुटका वळला पाहिजे. कणीक पुरीपेक्षा घट्ट मळून अर्धा तास झाका, म्हणजे रवाळ कण पाणी पितात. मग मनगटाएवढे जाड रोल करून चाळणीवर २५ मिनिटं वाफवा. सुरी घालून बघा, कोरडी निघाली पाहिजे.

आता खरी मेख. रोल पूर्ण गार होऊ द्या, मगच कापा. गरम असताना आतला स्टार्च मऊ असतो, त्यामुळे काप तुटतात आणि तेल शोषतात. गार झाला की तो घट्ट बसतो. तळायचं मध्यम आचेवर. मंद आचेवर बट्टी तेलकट होते.

दाल_बाफला: इंदूर-उज्जैनकडचा तो बाफला. उकळून झाला की तो भाजतात, त्यात वरचं पाणी उडून जातं. तोच ओला गोळा तेलात टाकला की तडतडणार आणि फुटणार. राजस्थानी बाटी पारंपरिक पद्धतीत उकळतच नाहीत, थेट गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजतात आणि मग तुपात बुडवतात. तिन्हींची भेसळ करू नका.

कळवणची_कढई: सोडा कुणी सुचवला नाही ते बरं. घालायचाच तर अर्ध्या किलोला पाव चमचा, त्यावर गेलात की बट्टी कढईत विरघळते.

भाजी घोटलेल्या वांग्यांचीच. अर्धा किलो हिरवी वांगी, सहा-सात हिरव्या मिरच्या, मूठभर शेंगदाणे आणि मीठ कमी पाण्यात शिजवून रवीने घोटा, वरून लसणाची फोडणी. जांभळ्या वांग्यांनी रंग काळपट येतो. (मका काय, मिरची काय, शेंगदाणे काय, सगळे अमेरिका खंडातून आलेले पाहुणे, पण आज त्यांच्याशिवाय खान्देशी पंगत मांडून दाखवा!) वरण तुरीचं, पातळच ठेवा, कुस्करलेली बट्टी भराभर पिते.

गंगापूररोडकर: रोल आदल्या रात्री वाफवून ठेवले तर चालतील?

खापर_चूल: उलट कापायला सोपे जातात. फ्रीजमध्ये झाकून ठेवा, नाहीतर वरची साल कडक होते. तळायच्या अर्धा तास आधी बाहेर काढा.