परदेशी शिकवायला गेलेले आपले प्राध्यापक आणि त्यांनी जोडलेला समाज : आपले अनुभव लिहावेत

अमेरिकेने १९६५ मध्ये स्थलांतराचा कायदा बदलला, तोवर भारतातून तिथे कायमचे राहायला जाणाऱ्यांसाठी वर्षाला जेमतेम १०० जागा होत्या. कायदा बदलल्यावर जी पहिली माणसे गेली, त्यांत डॉक्टर आणि अभियंत्यांच्या बरोबरीने विद्यापीठांत शिकवणारे मराठी प्राध्यापकही होते. गाव लहान, आपली माणसे बोटांवर मोजण्याइतकी, जवळपास देऊळ नाही आणि पुरोहितही नाही, अशा ठिकाणी पहिला गणपती किंवा पहिली मराठी शाळा अनेकदा त्यांच्याच पुढाकाराने सुरू झाली. त्यामागे श्रद्धा होतीच, पण एक साधे कारणही होते. शनिवारी विद्यापीठातली खोली मागून घेणे त्यांनाच शक्य असे. न्यूयॉर्कच्या फ्लशिंगमधले गणपतीचे देऊळ आणि पिट्सबर्गचे वेंकटेश्वराचे देऊळ, या दोन्हींत प्रतिष्ठापना झाली ती १९७७ मध्ये; ज्यांच्याविषयी लिहावे असे वाटते ती माणसे त्याच्या आधीची, किंवा अशा देवळांपासून शेकडो मैल दूर राहिलेली आहेत. देश आणि धर्म कोणताही असो, कृपया नावे टाळून त्यांचे काम लिहावे.

टेक्सासहून, एक माजी विद्यार्थी

मी १९८४ मध्ये पीएच.डी.साठी आलो तेव्हा आमचे सर वनस्पतिशास्त्र शिकवत होते. त्या वर्षी गणेश चतुर्थीच्या आदल्या दिवशी त्यांनी मला घराच्या मागच्या कुंपणाशी नेले आणि गुडघ्यांवर बसून गवताचा एक धुमारा उचलून दाखवला. "दूर्वा म्हणजे आपली हरळी, आणि हरळी म्हणजेच इथले बर्म्युडा गवत. देव इथे आपल्या आधी येऊन पोचलेला आहे," असे ते म्हणाले. आजूबाजूच्या घरांतून लोक मिळेल ते हिरवे पाते वाहत असत, आणि तशी पूजाही देवाला पोचते असे सर मानत. पण जे पायाखाली उगवते आहे ते ओळखू येऊ नये, हे त्यांना पटत नव्हते. यंत्राने कापलेल्या हिरवळीत कोवळा शेंडा मिळत नाही, म्हणून ते कुंपणालगतची एक पट्टी मुद्दाम न कापता ठेवत आणि तिच्यावर तणनाशक पडू देत नसत. तीन पात्यांचा शेंडा कसा खुडायचा आणि एकवीसची जुडी दोऱ्याने कशी बांधायची, हे मी त्यांच्याकडून शिकलो. माझ्या घरी ते आजी करायची, मी कधी पाहिलेच नव्हते.

उत्तरेकडच्या कडाक्याच्या थंडीत हे गवत तग धरत नाही. म्हणून सर ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या जुड्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मिनेसोटा आणि विस्कॉन्सिनमधल्या ओळखीच्या घरी टपालाने धाडत. मी आलो त्या वर्षी चार पाकिटे गेली होती. मी पदवी घेऊन निघालो तेव्हा त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर तीसच्या वर पाकिटे मांडलेली होती, आणि प्रत्येकावर त्यांच्या ठसठशीत अक्षरात "आल्याबरोबर पाण्यात ठेवा" असे लिहिलेले होते.

ओहायोहून

आमचे सर द्रवगतिशास्त्र शिकवत. शिकवण्यातले त्यांचे कौशल्य पुष्कळांनी पाहिले आहे; मला लिहायचे आहे ते एका मंगळवारच्या सकाळविषयी. माझे वडील आम्हाला भेटायला आले असताना हृदयविकाराने गेले. रात्री अकराला सरांना कळवले आणि बाराच्या आत ते दारात उभे होते. अंत्यविधीगृहाच्या व्यवस्थापकाशी त्यांनीच बोलणे केले, एक तास जास्त मागून घेतला आणि भट्टीचे बटण मुलाच्या हातून दाबले जाईल असे मान्य करवून घेतले. त्यांच्याजवळ स्वहस्ताक्षरातली दोन पाने होती. वर संस्कृत, खाली मराठी अर्थ. गावातल्या अशा प्रत्येक प्रसंगी ते त्यांच्या नव्या प्रती काढून आणत, कारण वापरलेले पान ते त्या घरच्यांना देऊन टाकत. पिंडांचा भात काकूंनी पहाटे उठून केला होता.

मडके कुठून आणायचे, हा प्रश्न माझ्या मनातही आला नव्हता. सरांनी रोपांची साधी मातीची कुंडी आणली होती. कुंडीला तळाशी भोक असतेच. ते त्यांनी कणकेच्या गोळ्याने बुजवले होते. आतल्या गालिच्यावर पाणी सांडून चालणार नव्हते, म्हणून आम्ही इमारतीमागच्या सिमेंटच्या मोकळ्या जागेत गेलो. खांद्यावर कुंडी घेतल्यावर सरांनी कणीक काढली आणि धार माझ्या पाठीवरून वाहू लागली. मला मंत्र म्हणता येईना. तेव्हा पान खाली घेऊन ते म्हणाले, "आधी रडून घे, बाळ. मंत्र थांबतील." खापऱ्या त्यांनी स्वतः वेचल्या. दक्षिणेचा विषय काढला तर त्यांना ते आवडत नसे, आणि त्या दिवशी दोनच्या तासाला ते वर्गात हजर होते, हे मला नंतर दुसऱ्यांकडून कळले.

एका प्राध्यापकांची मुलगी

वरचे अनुभव वाचून बाबांची फार आठवण झाली, पण दुसरी बाजूही लिहिली पाहिजे असे वाटते. आमच्या घरी शनिवार कधी आमचा नव्हता. माझ्या पोहण्याच्या स्पर्धांना बाबा दोनदा आले असतील. त्यांच्या संशोधनाच्या पुस्तकाची तीन प्रकरणे लिहून झाली होती, बाकीची झाली नाहीत, आणि पूर्ण प्राध्यापकपद त्यांना सहकाऱ्यांपेक्षा पुष्कळ उशिरा मिळाले. आई साठ-साठ पोळ्या लाटायची आणि आभाराच्या भाषणात तिचे नाव शेवटी यायचे. मी याबद्दल बाबांवर बरीच वर्षे रागावलेली होते आणि तो राग सगळा चुकीचा होता असे आजही म्हणणार नाही.

ते गेल्यावर कपाटात एक वही सापडली. तिच्यात १९७१ पासून गावात आलेल्या प्रत्येक नव्या विद्यार्थ्याची नोंद होती : कोणत्या विमानाने येणार, मांसाहार करतो का, उपवास कोणता, घरी पत्र गेले का, आणि शेवटच्या रकान्यात "कोट आहे का?" पुढे बहुतेक ठिकाणी "नाही" आणि त्यापुढे "दिला" असे आईच्या अक्षरात होते.

न्यू जर्सीहून

ताई, आपल्या आईंना माझा नमस्कार सांगावा. त्या हयात नसतील तर तो इथेच पोचावा. माझ्याही अंगावर अशाच एका घरातला कोट होता.

न्यूयॉर्कहून

आमचे सर नागपूरचे, अर्थशास्त्राचे प्राध्यापक. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी आजोबांच्या खांद्यावर बसून ते दीक्षा समारंभाला गेले होते, वय पाच. बाबासाहेब ज्या कोलंबिया विद्यापीठात १९१३ मध्ये शिकायला आले, तिथल्या लेहमन ग्रंथालयात त्यांचा अर्धपुतळा १९९५ मध्ये बसवला गेला, आणि तेव्हापासून दर एप्रिलला सर आमच्या मुलांना तिथे घेऊन जात. एरवी रविवारची वंदना त्यांच्या घराच्या तळघरात होई. त्रिसरण, पंचशील आणि मग प्रत्येक मुलाने त्या आठवड्यात काय वाचले ते उभे राहून सांगायचे. नवीन कुटुंब आले की सर त्यांना सर्वांत आधी गावच्या वाचनालयात नेऊन घरातल्या प्रत्येकाच्या नावाचे कार्ड काढून देत. माझ्या आईला वयाच्या बासष्टाव्या वर्षी आयुष्यातले पहिले वाचनालयाचे कार्ड मिळाले. तिला वाचता येत नव्हते. सरांनी ते शिकवायला एक मुलगी नेमून दिली आणि आईने ते कार्ड देव्हाऱ्यासारखे जपले.

इस्राएलहून

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, मूळचे अलिबागकडचे. माझे वडील बेरशेबाला गणित शिकवत आणि संध्याकाळी आपल्या लोकांच्या घरी मलिद्याला जात. धुतलेले पोहे, ओले खोबरे, साखर, वेलची, भोवती फळे मांडायची, एलियाहू हन्नबीचे, म्हणजे प्रेषित एलियाचे, गीत म्हणायचे आणि नवस फेडायचा. अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या खडकावर ज्याच्या रथाच्या खुणा आहेत असे आपले लोक मानतात, तोच हा हन्नबी. तरुण मुलांना हिब्रू येत होती आणि मराठी सुटत होती. म्हाताऱ्यांचे नेमके उलटे. वडील दोघांच्या मध्ये बसून एका बाजूचे दुसऱ्या बाजूला सांगत, आणि त्यात कधीकधी रात्रीचे बारा वाजत.

त्यांची वही माझ्याकडे आहे. शब्द हिब्रू, अक्षरे देवनागरी. काही पानांवर मराठी कीर्तनांची पदे आहेत, पण चाली लिहिलेल्या नाहीत आणि त्या जाणणारे आता आमच्या गावात कोणी उरले नाही. मुंबईत किंवा कोकणात कोणाच्या घरी वडीलधाऱ्यांना या चाली येत असतील, तर त्यांनी त्या म्हणून दाखवाव्यात, मी येऊन शिकायला तयार आहे.