कोळंबीसोलाईचे यंत्र आणि बचत गटाचे कर्ज

कोयनाकाठची (पाटण)

काल येथे वाळव्याच्या एका तळेवाल्या बंधूंनी लिहिले की, क्षारपड जमिनीतील तळ्यांवर निघणारी वनामी कोळंबी सोलण्यासाठी गावातील महिला बचत गटाने कर्ज काढून यंत्र घ्यावे, कारण ‘बायकांना बर्फात हात घालून बसवणे हे मागासलेपण आहे, आणि हाताने सोलण्यात कौशल्य असे काही नसतेच’. यातील पहिल्या भागाशी माझे भांडण नाही. दुसऱ्या भागाने मात्र मला रात्री झोप लागू दिली नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

लग्नानंतर रत्नागिरीत असताना मी बंदराजवळच्या एका सोलाई शेडमध्ये दोन हंगाम काम केले. डाव्या हातात कोळंबीचे अंग धरायचे आणि उजव्या हाताने डोके किंचित मुरगळून अशा बेताने ओढायचे की मानेजवळचा गर डोक्याबरोबर जाता कामा नये. मग पोटाकडून पायांच्या मुळाशी अंगठा घालून कवचाचे वेढे सोडवायचे, शेपटीला चिमटा द्यायचा आणि पाठीवर सुरीचे टोक फिरवून काळा दोरा, म्हणजे कोळंबीचे आतडे, अखंड उचलायचा. दोरा तुटला तर पुन्हा चीर द्यावी लागते, आणि चीर खोल गेली तर तो नग खालच्या प्रतीत जातो. डोक्यावरचा करवतीसारखा काटा हातमोज्यातून घुसतो आणि दिवसभर बर्फाच्या पाण्यात भिजणारी ती जखम पंधरा-पंधरा दिवस भरत नाही. याला कौशल्य म्हणायचे नसेल, तर कशाला म्हणायचे?

आम्हाला मजुरी सोललेल्या गराच्या वजनावर मिळे, आणि वजनापूर्वी पाणी निथळण्यासाठी जाळी किती वेळ धरायची हे वजनकाट्यावरचा माणूस ठरवत असे. एका बाईची जाळी तो लगेच ठेवी, दुसरीची बराच वेळ झटकत राही. मला त्या बर्फाने जेवढे रडवले, त्याहून अधिक त्या वजनकाट्याने रडवले. यंत्र आले म्हणून काटा आपोआप सरळ होत नाही. यंत्र कोणत्या प्रकारचे, ते कोणत्या मालावर चालते आणि त्याचा हप्ता कोणाच्या मजुरीतून जाणार, एवढे सांगितल्याशिवाय बायकांना कर्जाचा सल्ला देऊ नये.

तळेवाला (वाळवा)

ताई, आपल्या कष्टांचा अनादर करण्याचा माझा हेतू नव्हता. कौशल्याबद्दलचे वाक्य मी मागे घेतो, परंतु बाकीचे घेत नाही. माझ्या दीड एकर चोपण (क्षारपड) जमिनीत वीस वर्षे कुसळही उगवले नाही. आता तेथे तळे आहे. पाण्यात पोटॅश कमी पडते, ते विकत घेऊन घालावे लागते, रात्रभर हवा देणारी चाके फिरवावी लागतात, आणि एवढे करून पहाटे जाळे ओढले की व्यापारी टेम्पो घेऊन उभा असतो. किलोला किती नग बसतात ते तोच मोजतो आणि भाव तोच सांगतो. माल बर्फात थांबवला तरी डोकी काळी पडू लागतात, त्यामुळे त्याला परत पाठवण्याची सोय नाही.

१०० किलो अख्ख्या वनामीची डोकी काढली की साधारण ६५ किलो माल उरतो आणि पूर्ण सोलल्यावर ५० च्या मागेपुढे. हा उतारा, म्हणजे सोलून मिळणारा गर, गावात निघाला तर त्याचा पैसा गावात राहील, एवढेच माझे म्हणणे आहे. सोलायला हात कोठून आणायचे? द्राक्षाच्या छाटणीला आणि बेदाण्याच्या शेडवर माणसे मिळत नाहीत, तेथे बर्फात बसायला कोण येणार? प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत महिलांना ६० टक्क्यांपर्यंत अनुदान आहे. संधी असताना मागे का राहायचे?

निवृत्त फिटर (पलूस)

दोघेही ‘यंत्र’ हा एकच शब्द वापरत आहात, पण मनात दोन वेगळी यंत्रे आहेत, म्हणून मध्ये बोलतो. पहिला प्रकार रुळांचा. उतरत्या बसवलेल्या रुळांच्या जोड्या आलटून-पालटून उलटसुलट फिरतात, वरून पाणी वाहते, कवचाची कड दोन रुळांच्या फटीत पकडली जाते आणि गर वर सुटून पुढे घसरतो. १९४० च्या दशकात अमेरिकेतील लुईझियानात हे यंत्र तयार झाले. बारीक कोळंबीच्या ढिगांसाठी ते उत्तम आहे. मात्र त्यासाठी माल आधी बर्फात मुरवून कवच सैल करावे लागते, आणि शेपटी राखून सोललेला माल त्यातून निघत नाही. दुसरा प्रकार पकडीचा. त्यात प्रत्येक नग खाचेत ठेवला की पाते पाठीवर चीर देते, दोरा निघतो आणि शेपटी हवी असल्यास राहते. तळ्यातल्या मोठ्या वनामीला हाच योग्य. पण तेथेही बहुतेक यंत्रांत एकेक नग खाचेत हातानेच ठेवावा लागतो आणि नगांची प्रतवारी आधी चोख करावी लागते, कारण पात्याची खोली आकारावर ठरते. म्हणजे बर्फातले हात कमी होतात, संपत नाहीत.

आणखी एक गोष्ट ताईंच्या बाजूची आहे. लुईझियानातील त्या यंत्राच्या मालकांनी ते विकण्याऐवजी भाड्याने दिले आणि रुळांच्या फेऱ्या मोजून भाडे घेतले. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर कोळंबी अधिक बारीक असल्याने तेथे मजुरी जास्त वाचते, असे म्हणून त्यांनी तेथील कारखान्यांना दुप्पट दर लावला. प्रकरण न्यायालयात गेले आणि १९६६ मध्ये हा भेदभाव अनुचित ठरवला गेला. वाचलेली मजुरी कोणाच्या खिशात जाते, हा ताईंचा प्रश्न तेथेही याच रूपात उभा राहिला होता.

परिचारिका (मिरज)

बोटांच्या जखमांइतकीच छातीचीही काळजी करावी. कवचधारी जलचरांच्या प्रथिनांचे तुषार श्वासातून गेल्याने दमा जडतो, हे वैद्यकशास्त्राला ठाऊक आहे. स्कॉटलंडमधील एका कारखान्यात दाबाच्या हवेने कोळंबीचा गर काढत असत. तेथील कामगारांना धाप लागू लागली, तेव्हा हवेऐवजी पाण्याचे झोत वापरले गेले आणि हवेतील कण कमी झाले. यंत्रावर झाकण आणि खोलीत खेळती हवा नसेल, तर हाताचे दुखणे छातीवर जाईल. कर्जाच्या अंदाजपत्रकात त्यांचाही खर्च लिहा.

कृष्णाकाठ (सांगली)

पाण्याचा विषय निघाला आहे, तर स्पष्ट विचारतो. रुळांचे यंत्र दिवसभर पाणी ओढते. त्या पाण्यात प्रथिने आणि कवचाचे तुकडे असतात, ते काही तासांत कुजू लागते. ते सोडणार कोठे? ओढ्यात, आणि ओढ्यातून कृष्णेत. नदीत मासे मरून तरंगताना आम्ही सांगलीकरांनी एकदा नव्हे, अनेकदा पाहिले आहेत. तळ्यातले खारे पाणीही हंगाम संपल्यावर शेजाऱ्याच्या बांधाकडेच सोडले जाते. माझ्या मावसभावाच्या सोयाबीनचा कोपरा असाच पांढरा पडला आहे.

तळेवाला (वाळवा)

हे ऐकून घेणार नाही. आमचे तळे दीड एकराचे. नदीत मासे कशाने मेले याचा जाब आपण मोठ्या कारखानदारांना कधी विचारलात का? जमीन खारी केली ती कोळंबीने नव्हे. पन्नास वर्षे उसाला पाट फोडून पाणी दिले, काळ्या जमिनीला निचरा नाही, खालचे क्षार पाण्याबरोबर वर आले आणि पृष्ठभागावर बसले. वाळवा, पलूस, मिरज, कोठेही जाऊन मीठ फुटलेली रानं पाहा. ते मीठ आमच्या नशिबी आले आणि त्यातून आम्ही मार्ग काढला, तर गुन्हेगार आम्हीच?

कृष्णाकाठ (सांगली)

पाट फोडणारे कोण होते? आपले वडील आणि माझेही वडील. रात्री मोटार चालू करून घरी येऊन झोपण्याची सवय आपलीच. जमिनीत सच्छिद्र पाइप घालून निचरा करता आला असता. ज्यांनी वर्गणी काढून एकत्र पाइप टाकले, त्यांची रानं पुन्हा उसाखाली आली. आपल्या शिवारात तो निर्णय झाला नाही, कारण पाइप ज्याच्या बांधातून जायचा त्याने अडवला. ते भांडण न मिटवता त्यावर तळे बांधणे याला मी मार्ग काढणे म्हणत नाही.

तळेवाला (वाळवा)

ज्याच्या बांधावर पाइप अडला तो मीच. पाच भावांच्या वाटणीत पाइपाचा खर्च कोण देणार, हे ठरले नाही. आपण म्हणता ते चूक नाही, पण आपण माझ्या घरात शिरून बोलत आहात. निचरा व्हायला हवा होता, हे मान्य. आज तळे आहे, हेही मान्य करा.

कोयनाकाठची (पाटण)

बांधाचा वाद निचऱ्याच्या बैठकीत मिटवा. येथे गटातील बायकांच्या सह्या कर्जाच्या कागदावर होणार आहेत. फिटर काकांनी सांगितल्यावर मला एवढे कळले की, मोठ्या वनामीसाठी नग ठेवायला माणसे लागणारच. मग त्यांना आपण काय देणार? माझे म्हणणे असे की, डोकी काढण्यापूर्वीचे आणि सोलल्यानंतरचे, अशी दोन्ही वजने गटाच्या वहीत गटातीलच बाईने लिहावीत, निथळण्याचा वेळ घड्याळावर ठरवावा, आणि अनुदानानंतर उरलेल्या ४० टक्क्यांचा हप्ता तळेवाल्यांनीही वाटून घ्यावा, कारण उताऱ्याचा लाभ त्यांनाही आहे. अनुदान यंत्राच्या किमतीवर मिळते. बर्फ, वीज आणि सांडपाण्याची टाकी यांचा खर्च महिन्याला येतच राहतो. डोकी आणि कवचेही फेकू नका. ती वाळवून चिटिनच्या (कवचातून काढल्या जाणाऱ्या पदार्थाच्या) कारखान्याला किंवा खाद्यवाल्यांना देता येतात. फेकली तर दुसऱ्या दिवशी गावभर दुर्गंधी पसरते आणि तिसऱ्या दिवशी शेड बंद पाडायला गाव उभे राहते, हे मी रत्नागिरीत पाहिले आहे.

तळेवाला (वाळवा)

हप्ता वाटून घेण्याचे मला पटायला जड जात आहे, तरी आमच्या चौघा तळेवाल्यांसमोर विषय ठेवतो. टाकीचेही ठेवतो. पण आधी यंत्र डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कोणी सही करू नये, एवढे आपलेही मान्य करावे. एक विक्रेता चाचणीसाठी लहान यंत्र आणून दाखवायला तयार आहे. ताई, आपण येऊन काट्याजवळ उभ्या राहाल का?

कोयनाकाठची (पाटण)

येईन. एकाच जाळ्यातली, एकाच आकाराची वीस किलो कोळंबी बाजूला काढून तिचे दोन समान वाटे करा. एक वाटा यंत्राला द्या, दुसरा मी आणि गटातील दोघी सोलू. गर, तुटलेले नग आणि कवच यांची वेगवेगळी वजने घ्या. यंत्राला लागलेले पाणी पिंपाने मोजा, ते कृष्णाकाठच्या दादांनी लिहून घ्यावे. जाळे पहाटे ओढणार असाल तर बर्फ आदल्या संध्याकाळीच आणून भुश्यात झाकून ठेवा. दोन्ही वाटे सारखेच गार राहिले पाहिजेत, नाहीतर हाताकडचा माल आधी मऊ पडेल आणि दोष आमच्या हातांना येईल.