मदत हवी आहे: ऑफिसचा प्रिंटर काही दिवस चालतो, काही दिवस 'ऑफलाइन' होतो

जमाखर्च:

नमस्कार मंडळी. मी हिशेबाच्या कामातला माणूस. 'याला कम्प्युटरमधलं जरा कळतं' एवढ्या भांडवलावर ऑफिसातला प्रिंटर माझ्या गळ्यात पडला आहे. आता तो गळ्यातच अडकलाय.

प्रिंटर लेझर आहे, स्कॅनरसकट. केबलने राउटरला जोडलेला, आम्ही नऊ जण वापरतो. काही केबलवर, काही वायफायवर. तीन महिने सुरळीत होता. मध्ये कोणीतरी सांगितलं की प्रिंटरचा आयपी (नेटवर्कवरचा त्याचा पत्ता) स्थिर करून टाक, नाहीतर कधीतरी बदलेल आणि सगळ्यांचं प्रिंटिंग बंद पडेल. म्हणून मी प्रिंटरच्या मेनूत गेलो, तेव्हा तिथे १९२.१६८.१.१०५ दिसत होतं, तेच 'मॅन्युअल' करून सेव्ह केलं. सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे (बाहेर जायचं दार, म्हणजे राउटर) १९२.१६८.१.१. त्या दिवशी सगळं चाललं.

पुढच्या आठवड्यापासून खेळ सुरू. काही दिवस छान चालतो, काही दिवस सकाळपासूनच 'ऑफलाइन'. प्रिंटरच्या पडद्यावर मात्र 'रेडी'. गंमत म्हणजे त्याच मिनिटाला माझ्या कम्प्युटरवरून पान जात नाही आणि शेजारच्या टेबलावरून जातं. थोड्या वेळाने उलटं.

आतापर्यंत केलेलं: ड्रायव्हर तीनदा काढून पुन्हा टाकला, केबल बदलली, राउटरचं पोर्ट बदललं, प्रिंट स्पूलर (विंडोजमधला छपाईची रांग सांभाळणारा प्रोग्रॅम) रीस्टार्ट केला. संध्याकाळी निघताना प्रिंटर बंद करतो, सकाळी मीच आल्यावर चालू करतो. आता ड्रायव्हर चौथ्यांदा टाकायला सांगू नका, हात जोडतो.

---

बंदकरूनचालूकर:

विंडोजमधल्या प्रिंटरच्या पोर्टच्या सेटिंगमध्ये 'एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड' अशी खूण असते, ती काढा. विंडोज त्यावरून प्रिंटर जागा आहे का विचारतं, उत्तर आलं नाही की धडधडीत चालू असलेल्या प्रिंटरला ऑफलाइन ठरवून मोकळं होतं. आमच्याकडे एवढ्यानेच काम झालं होतं.

---

जमाखर्च:

काढली. ऑफलाइनची पाटी गेली, पण पान येतच नाही. आता प्रिंटर 'तयार' आहे आणि रांगेत सात कामं तुंबली आहेत.

---

जुनीतार:

एसएनएमपीचा मुद्दा बरोबर आहे, पण तो दुखणं वेगळं असताना लागू पडतो. तिथे प्रिंटर छापत असतो, फक्त खबर चुकीची मिळते. तुमच्याकडे पानच पोचत नाही, म्हणजे वाटेत काहीतरी आहे.

जमाखर्चराव, तुम्ही लिहिलेल्या दोन वाक्यांकडे माझं लक्ष गेलं. एक, '१०५ दिसत होतं तेच मॅन्युअल केलं'. दोन, 'माझ्याकडून जात नाही, शेजाऱ्याकडून जातं'. प्रिंटर, केबल किंवा ड्रायव्हर बिघडला असता तर कम्प्युटर बदलून असा फरक आळीपाळीने पडला नसता. मला आयपीची टक्कर वाटते, म्हणजे एकाच पत्त्यावर दोन उपकरणं. पण अंदाजावर सेटिंग बदलू नका, आधी पुरावा काढू.

प्रिंटर चालत नसेल अशा दिवशी हे करा. प्रिंटरच्या मेनूतून कॉन्फिगरेशन पेज छापा, त्यावर मॅक ॲड्रेस (उपकरणाचा कारखान्यातून आलेला ओळख क्रमांक) असतो, तो बाजूला लिहून ठेवा. मग प्रिंटर मागच्या बटणाने पूर्ण बंद करा. झोपवू नका, बंदच करा. तुमच्या कम्प्युटरवर कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि एआरपीची जुनी वही (कुठला आयपी कुठल्या मॅकचा, ही नोंद) पुसा (एआरपी, मग वजा-डी, मग तारा). आता १९२.१६८.१.१०५ ला पिंग करा (म्हणजे 'आहेस का?' अशी हाक मारा) आणि नेमकं काय लिहून येतं ते शब्दशः सांगा. लगेच एआरपी वजा-ए करून १०५ समोर कुठला मॅक दिसतो तेही.

---

जमाखर्च:

बंद असलेल्या प्रिंटरला पिंग? बरं. वाट बघतो नाठाळ दिवसाची.

---

टोनरताई:

तोवर एक विचारते, स्कॅन टू ईमेल चालतं का तुमच्याकडे? आणि राउटरच्या पानावर डीएचसीपीची हद्द, म्हणजे राउटर आपोआप वाटतो ते पत्ते, कुठून कुठपर्यंत आहे?

---

जमाखर्च:

ताई, स्कॅन चालतं, पण तेही याच लहरीने. हद्द म्हणजे 'स्टार्ट आयपी' १०० आणि 'एंड आयपी' १९९, तीच का?

---

टोनरताई:

तीच. जुनीतार, तुमचं निदान बहुतेक पक्कं झालं.

---

जमाखर्च:

आज नाठाळ दिवस उजाडला. सांगितलं तसंच केलं. प्रिंटर बंद, दिवा विझलेला, मी खात्री म्हणून प्लगही काढला. पिंग केलं तर चारही वेळा 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट'. म्हणजे उत्तर आलंच नाही, मग टक्कर नाही ना? पण एआरपीत १०५ समोर मॅक दिसतोय. प्रिंटरच्या पानावर त्याचा शेवट ७ई-१९ आहे, इथे शेवट ए०-३डी. प्लग माझ्या हातात आहे आणि १०५ जिवंत आहे. जरा भुताटकीच वाटली.

---

जुनीतार:

भूत सापडलं. 'टाइम्ड आउट' आणि 'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल' यांत फरक आहे, बहुतेक लोक दोन्हीचा अर्थ 'नाही लागत' एवढाच घेतात. तुमच्याच नेटवर्कमधल्या एखाद्या आयपीवर कोणीच नसेल तर तुमचा कम्प्युटर आधी 'हा पत्ता कोणाचा?' असं सगळ्यांना ओरडून विचारतो, कोणीच 'ओ' देत नाही, आणि मग तो स्वतःच 'अनरीचेबल' सांगतो. तुमच्याकडे 'टाइम्ड आउट' आलं, म्हणजे 'ओ' कोणीतरी दिली, फक्त पिंगला उत्तर दिलं नाही. विंडोज लॅपटॉपची फायरवॉल पिंगला असंच गप्प बसवते. त्यामुळे नुसत्या पिंगवर विसंबलो असतो तर फसलो असतो. एआरपीची वही खोटं बोलत नाही.

आता झालं काय ते सांगतो. १०५ हा पत्ता राउटरच्या वाटपाच्या ढिगातला. प्रिंटरने तो राउटरकडून उसना घेतला होता. तुम्ही प्रिंटरला सांगितलं 'हा आता तुझाच', पण राउटरला कोणी सांगितलं नाही. उसनवारीची मुदत संपली, नूतनीकरणाला कोणी आलं नाही, राउटरने १०५ मोकळा समजून दुसऱ्याला दिला. बरेच राउटर देण्याआधी पत्ता कोणी वापरतंय का ते तपासतात, पण तुमचा प्रिंटर रात्रभर बंद. सकाळी तुमच्याआधी जो ऑफिसात येतो त्याला १०५ मिळतो, मग तुम्ही येऊन प्रिंटर चालू करता. एका घरनंबराची दोन घरं. पोस्टमन ज्याची 'ओ' ऐकली त्याच्याकडे पत्र टाकणार. प्रत्येक कम्प्युटर आपली एआरपीची वही वेगळी ठेवतो, म्हणून तुमचं पान लॅपटॉपकडे जात होतं आणि शेजाऱ्याचं प्रिंटरकडे.

राउटरच्या पानावर डीएचसीपी क्लायंट लिस्ट असेल. त्यात ए०-३डी शोधा, नाव दिसेल.

---

जमाखर्च:

सापडला! आमच्याकडे आठवड्यातून दोन दिवस एक सल्लागार येतात, त्यांचा लॅपटॉप. ते माझ्याआधी तासभर येऊन बसतात. नाठाळ दिवस म्हणजे त्यांचे दिवस, हे मला कॅलेंडर बघूनही कधी सुचलं नव्हतं. म्हणजे महिनाभर आमची पगारपत्रकं त्यांच्या लॅपटॉपचं दार ठोठावत होती?

---

टोनरताई:

दारच ठोठावत होती, आत काही गेलं नाही, घाबरू नका. छापायचं पान साधारणपणे ९१०० नंबरच्या पोर्टवर (भोक नव्हे, उपकरणाच्या आतलं नंबर दिलेलं दार) जातं. लॅपटॉपवर त्या पोर्टवर ऐकणारं कोणी नसतं, म्हणून ते तिथूनच परत फिरतं.

आता दुरुस्ती. दोन रस्ते आहेत. एक, प्रिंटरला हद्दीबाहेरचा पत्ता द्या, म्हणजे १९२.१६८.१.५० वगैरे, आधी त्यावर कोणी नाही ना ते बघून. दुसरा, प्रिंटर परत 'ऑटोमॅटिक' करा आणि राउटरमध्ये त्याच्या मॅकच्या नावावर पत्ता राखून ठेवा. मी दुसरा करते. कोणाला कुठला पत्ता दिलाय हे एकाच जागी लिहिलेलं राहतं, प्रिंटरच्या इवल्याशा बटणांवर आकडे बडवत बसावं लागत नाही.

---

जुनीतार:

ताई, इथे माझं मत वेगळं. राउटर जळला किंवा बदलला की राखीव पत्त्यांची यादीही गेली, आणि ती पुन्हा भरायची आठवण प्रिंटर बंद पडल्यावरच होते. प्रिंटरमध्ये हद्दीबाहेरचा पत्ता घातला की तो प्रिंटरसोबत राहतो. अर्थात नव्या राउटरची मालिकाच १९२.१६८.०. अशी निघाली तर माझाही रस्ता बंद, हे कबूल. दोन्ही एकत्र मात्र करू नका. म्हणजे प्रिंटरमध्ये एक आकडा आणि राउटरमध्ये राखीव दुसरा. त्याने पुढचा माणूस वेडा होतो.

---

जमाखर्च:

राउटरचा पासवर्ड मालकांकडे आणि ते प्रवासात आहेत. परवा यादी बघायला त्यांनी फोनवरून स्वतः लॉगिन करून फोटो पाठवला होता. म्हणून जुनीतार यांचा रस्ता. ५० ला पिंग केलं, यावेळी 'अनरीचेबल' आलं आणि ते वाचून चक्क आनंद झाला. प्रिंटरमध्ये ५० घातला.

पण आता कोणाच्याच कम्प्युटरवरून छपाई होत नाही, फक्त एकाची होते. आगीतून फुफाट्यात.

---

जुनीतार:

अहो, घर बदललं, पण सगळ्यांच्या वहीत जुनाच पत्ता. प्रत्येक कम्प्युटरवर प्रिंटर प्रॉपर्टीज, पोर्ट्स, तिथे जे टिक केलेलं आहे ते निवडून 'कॉन्फिगर पोर्ट', आणि १०५ च्या जागी ५०. ड्रायव्हरला हात लावायचा नाही. ज्या एकाचं चालतंय त्याच्या पोर्टचं नाव डब्ल्यूएसडीने सुरू होत असेल बघा. तो प्रकार प्रिंटर स्वतः शोधून काढतो, म्हणून पत्ता बदलल्याचं त्याला काही वाटलं नाही. मात्र तो कधीकधी कारण नसताना प्रिंटर हरवून बसतो, मला ऑफिसात आवडत नाही.

---

जमाखर्च:

होय, डब्ल्यूएसडीच आहे. बाकी आठही कम्प्युटरवर पोर्ट बदललं, छपाई सुरू. सल्लागारांच्या दिवशीही!

एकच राहिलं. स्कॅन टू ईमेल आता 'सर्व्हर सापडत नाही' म्हणतं.

---

टोनरताई:

नवा पत्ता घालताना डीएनएसच्या (नावावरून आयपी शोधून देणाऱ्याच्या) ओळीत काय लिहिलंत?

---

जमाखर्च:

काही नाही. तिथे ०.०.०.० आलं होतं, मी ओके दाबत पुढे गेलो.

---

टोनरताई:

मग बरोबर. ऑफिसातल्या ऑफिसात छापायला डीएनएसही लागत नाही आणि गेटवेही लागत नाही, त्यामुळे ते चुकलेलं कळतच नाही. ईमेलला मात्र प्रिंटरला बाहेर जावं लागतं आणि मेल सर्व्हरच्या नावाचा आकडा शोधावा लागतो. डीएनएसमध्ये १९२.१६८.१.१ घाला, गेटवे तोच आहे ना ते पुन्हा बघा, आणि प्रिंटर एकदा बंद करून चालू करा.

---

बंदकरूनचालूकर:

शेवटी माझंच नाव उपयोगी पडलं.

---

जमाखर्च:

ईमेल आलं! पहिलं स्कॅन मी माझ्याच तळहाताचं पाठवलं, हाताशी कागद नव्हता. जुनीतार, टोनरताई, मनापासून आभार. प्रिंटरवर एक चिठ्ठी चिकटवली आहे: पत्ता १९२.१६८.१.५०, मॅक, गेटवे, डीएनएस, आणि खाली 'राउटर बदलला तर आधी मला विचारा'. सल्लागारांना काही सांगितलेलं नाही. ते आजही माझ्याआधीच आले होते.