अनुभव लिहा : छावणीतले दिवस

कृष्णाकाठ
काल कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट, इशारा पातळी, असा मेसेज आला आणि हात आपोआप दाराजवळच्या पिशवीकडे गेला. रेशनकार्ड, सातबारा, पासबुक, पोरांचे दाखले. २०१९ पासून ती पिशवी तिथंच टांगलेली असते. त्या ऑगस्टात नऊ दिवस आम्ही एका शाळेत होतो. सातवी ब चा वर्ग, आठ कुटुंबं. बाकं रचून मधे साड्या बांधल्या की झाल्या खोल्या. एक बाई रोज फळ्यावर पाण्याची पातळी लिहायच्या. शेजारी आधीचीच अपूर्णांकांची गणितं होती, ती नऊ दिवसांत कुणी पुसली नाहीत.
तुम्ही कधी राहिलात असे? किंवा वाढायला उभे राहिलात? लिहा.

चहाबाज
जेवण कमी पडलं नाही, खोटं कशाला बोला. शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली होता तरी चपात्यांची चळत यायचीच. कपड्यांचं मात्र विचारू नका. टेम्पोभर जुने कपडे आले, मामांच्या मापाचा निघाला फक्त लग्नातला कोट. चार दिवस म्हशींना वैरण कोट घालूनच!

गमबूट
चिपळूण, २२ जुलै २०२१. पहिली रात्र गच्चीवर, केंद्र वगैरे नंतर. पाणी उतरल्यावर हवी होती फावडी, खराटे, ब्लिचिंग पावडर. आली बिस्किटं. अजून तो पुडा दिसला की पोटात ढवळतं.
आणि पॅड मागायचे कुणाकडे? टेबलावर सगळे दादालोक. शेवटी कॉलेजातली एक पोरगी खुर्ची ओढून तिथं बसली. दहा मिनिटांत बायकांची रांग.

रकाना
+१. मी सांगलीत रजिस्टर सांभाळत होते. नाव, गाव, माणसं किती. पहिल्या रात्री एका आजोबांनी खिशातून इन्सुलिन काढून हळूच विचारलं, हे कुठं ठेवू? फ्रिज कुठला, लाईटच नव्हती. मडक्याला ओलं फडकं गुंडाळून त्यात ठेवलं. सकाळी पट्टी घेऊन ‘औषधं’ असा रकाना आखला.
कुकर लावलाय, नंतर लिहिते.

पत्रा
किल्लारीकडचा आहे. ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप, विसर्जनाची रात्र सरत होती. मी नऊ वर्षांचा. नंतर पत्र्याच्या शेडात राहिलो. पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की आई आम्हाला ओढून बाहेर आणायची, भिजलो तरी चालेल. आता स्लॅबचं घर आहे. ती अजून दाराशीच झोपते.

कृष्णाकाठ
@पत्रा, काय बोलू. आईंना नमस्कार सांगा.

बांधावरून
छावणीचं ठीक, पंचनाम्याचं बोला की. माणसं बघायला आली तेव्हा आम्ही शाळेत. घराला कुलूप म्हणून यादीत नावच नाही. सहा खेटे घातले. सगळ्यांनी चिखलातल्या घराचे फोटो आधी काढा, मगच झाडू हातात घ्या.

गमबूट
@बांधावरून, फोन पाण्यात गेला असेल तर? 😅
@चहाबाज कोटाचा फोटो टाका ना.

चहाबाज
आहे, पण मामी टाकू देत नाहीत. कोट ठेवलाय अजून, इस्त्री करून.

रकाना
आले. भात लागला. कुठे होते मी... हां, ते आजोबा. जाताना मडकं मागून घेऊन गेले.

बांधावरून
पाणी किती आज?

कृष्णाकाठ
दोन इंच उतरलंय म्हणतात. पण पाऊस परत लागलाय.