त्या बदनाम प्लगिनची झडती घेतली. हेर आहे की उगाच बदनाम?

उलटतपासणी :

उघडलेली साइट किती जुनी आहे हे ब्राउझरच्या कोपऱ्यात दाखवणारं एक प्लगिन मी बरीच वर्षं वापरतोय. बँकेच्या नावाने आलेली लिंक उघडावी आणि कोपऱ्यात 'वय : ६ दिवस' दिसावं, की काम झालं. पण त्याचं नाव काढलं रे काढलं की कोणी ना कोणी म्हणतंच, "ते? अहो ते स्पायवेअर आहे, आधी काढा." पुरावा काय म्हणून विचारलं की उत्तर एकच, "सगळ्यांना माहीत आहे."

नाव मुद्दाम देत नाही. दिलं की निम्मे लोक मजकूर न वाचताच बाजू घेऊन बसतील.

तर रविवारी बसलो आणि झडती घेतली. क्रोममध्ये कोरं प्रोफाइल बनवलं, त्यात हे एकच प्लगिन टाकलं. एक्स्टेंशनच्या पानावर डेव्हलपर मोड चालू केला की प्लगिनच्या चौकटीत 'सर्व्हिस वर्कर' अशी लिंक दिसते. तिच्यावर टिचकी मारली की खास त्या प्लगिनची तपासणीची खिडकी उघडते. तिथला नेटवर्क टॅब बघायचा. बरेच जण नेमके इथेच फसतात. वेबपानाचा नेटवर्क टॅब उघडून बसतात, त्यात काही सापडत नाही, आणि प्लगिन निर्दोष सुटतं. पडद्यामागून जे जातं ते पानाच्या टॅबमध्ये दिसतच नाही.

दोन तास हिंडलो. नवं डोमेन (साइटचं मूळ नाव) उघडलं की एक रिक्वेस्ट, म्हणजे प्लगिनने आपल्या सर्व्हरला केलेली विचारणा. तिच्या पोटात गिचमिड अक्षरांची माळ, शेवटी बरोबरची दोन चिन्हं. म्हणजे बहुधा बेस-६४. (मजकूर ठरावीक अक्षरांत मांडायची पद्धत. हे कूटलेखन नव्हे, नुसतं वेष्टन. पण पहिल्यांदा बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो खरा.) उलगडून पाहिली तर आत तीनच गोष्टी : डोमेनचं नाव, प्लगिनची आवृत्ती, ब्राउझरची भाषा. पानाचा पूर्ण पत्ता नाही, सर्चमध्ये टाइप केलेले शब्द नाहीत. त्याच साइटवर परत गेलो तर रिक्वेस्टही नाही, आधीचं उत्तर जपून ठेवलेलं असतं.

साइटचं वय सांगायचं तर साइटचं नाव विचारावं लागणारच. त्यापलीकडे हे काही विचारत नाही. माझ्यापुरता निकाल : बदनामी उगाच.

सुतावरून :

दोन तास? नवा भाडेकरू पहिल्या संध्याकाळी सभ्य वागला म्हणून चावी देऊन टाकण्यातला प्रकार झाला हा.

२०१९ मध्ये सुरक्षा संशोधक सॅम जडाली यांनी 'डेटास्पाय' नावाने जे प्रकरण बाहेर काढलं ते आठवतंय का? हॉव्हर झूम, स्पीक इट अशी साधी दिसणारी एक्स्टेंशनं लोकांनी उघडलेल्या पानांचे पूर्ण पत्ते गोळा करत होती आणि ते पत्ते पैसे मोजणाऱ्याला बघायला मिळत होते. त्यातली काही बसवल्यावर सुमारे २४ दिवस गप्प बसायची आणि मग कामाला लागायची. तुमच्यासारख्यांची रविवारची तपासणी पार पडावी म्हणूनच ही सोय.

वाचाळ :

प्लगिन नव्हे हो, एक्स्टेंशन. प्लगिन म्हणजे फ्लॅश, जावा वगैरे. क्रोमने ती जुनी पद्धत २०१५ मध्येच बंद केली. बाकी चालू द्या.

रिकामटेकडी :

वाचाळ, लोक 'झेरॉक्स' पण म्हणतात. चालायचंच.

मी उलटतपासणी यांच्या बाजूने. स्पायवेअर हा शब्द आपण फार सैल करून टाकलाय. जे लपून घुसतं, न सांगता माहिती उचलतं आणि काढू म्हटलं तर निघत नाही, ते स्पायवेअर. सर्व्हरशी बोलतं ते सगळं स्पायवेअर म्हटलं तर ब्राउझर सुद्धा त्यात येईल.

आणि बदनामीचं म्हणाल तर ती नेमकी उलट्या दिशेने चालते. ज्यांच्यावर कोणाचा संशय नव्हता त्या अवास्टचं काय झालं? अँटिव्हायरसची नावाजलेली कंपनी. तिची ब्राउझर एक्स्टेंशनं पूर्ण पत्ते पाठवतात हे सुरक्षा संशोधक व्लादिमिर पालांट यांनी २०१९ मध्ये दाखवून दिलं. डिसेंबरात फायरफॉक्सवाल्या मोझिलाने ती आपल्या यादीतून काढली. तो विदा (डेटा) विकणारी जंपशॉट ही उपकंपनी जानेवारी २०२० मध्ये बंद करावी लागली आणि २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. तोवर हेच लोक बाकीच्यांना 'धोकादायक' अशी प्रमाणपत्रं वाटत होते. तेव्हा लोक काय म्हणतात ते सोडा, वायरीतून काय जातंय ते बघा. यांनी तेच केलं.

जुनं खोड :

यातलं काहीच नवीन नाही. अलेक्साचा टूलबार वापरलेले कोणी आहेत का इथे? (बोलणारा डबा नव्हे, साइटचा क्रमांक दाखवायचा तो.) अँटिस्पायवेअरवाले त्याला धरायचे, तेव्हाही हाच वाद. एक पक्ष म्हणायचा, क्रमांक दाखवायचा तर पत्ता पाठवावा लागणारच. दुसरा म्हणायचा, पाठवलात ते ठीक, ठेवलात कशाला? खाजगी माहिती गोळा केल्याचा सामूहिक दावा अलेक्सावर झाला होता, तो २००१ मध्ये तडजोडीने मिटला. 'पाठवावं लागतं' आणि 'ठेवावं लागतं' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. तुमच्या नेटवर्क टॅबमध्ये दुसऱ्याचं उत्तर कधीच दिसणार नाही.

कळफलक :

तपासणी बरी आहे, अर्धी आहे. तीन गोष्टी.

तुम्ही रिक्वेस्टचं पोट उघडलंत, डोकं पाहिलंत का? हेडर म्हणतोय मी, रिक्वेस्टच्या आधी जोडलेल्या माहितीच्या ओळी. पोटात तीन निरुपद्रवी गोष्टी आणि हेडरमध्ये कुकी (सर्व्हरने ब्राउझरकडे ठेवायला दिलेली, दर वेळी परत जाणारी खूण), असं असेल तर सगळा अर्थच बदलतो. २०१८ मध्ये रॉबर्ट हीटन यांनी स्टायलिश या एक्स्टेंशनबद्दल लिहिलं होतं. साइटचं रूप बदलणारं ते एक्स्टेंशन आधी सिमिलरवेब या वेब-रहदारीचा विदा विकणाऱ्या कंपनीने विकत घेतलं होतं. ते उघडलेल्या पानांचे पत्ते एका कायम ओळखक्रमांकासह पाठवायचं. आणि तुमचं त्यांच्या साइटवर खातं असेल तर लॉगिनच्या कुकीमुळे तो क्रमांक खात्याशी जोडता येत होता. म्हणजे थेट माणसापर्यंत.

दुसरं, 'नाव विचारावं लागणारच' हे खरं नाही. गूगलच्या सेफ ब्राउझिंगची (धोकादायक साइट ओळखायची सोय) जुनी चालत आलेली रीत बघा : पत्त्याचा हॅश, म्हणजे उलट न फिरवता येणारा ठसा, काढायचा, त्याचे पहिले चार बाइट पाठवायचे. त्या तुकड्याशी जुळणारी सगळी उत्तरं सर्व्हर देतो, खरं कुठलं ते ब्राउझर स्वतः ठरवतो. वयासाठीही हे जमलं असतं. त्यांनी केलं नाही. आळस असेल, हेतूच असेल असं नाही, पण 'पर्यायच नव्हता' हे म्हणू नका.

तिसरं, सापळा लावा. तुमच्या स्वतःच्या सर्व्हरवर एक पान ठेवा. त्याचा पत्ता लांब, अंदाज न करता येणारा, कुठेही न जोडलेला. त्या प्रोफाइलमधून ते एकदाच उघडा आणि सर्व्हरच्या लॉगवर नजर ठेवा. तुमच्याशिवाय तिथे कोणीही आलं तर पत्ता फुटला. डेटास्पायमधेही असेच स्वतःचे वेगळे पत्ते कामाला आले होते.

उलटतपासणी :

पोट-डोकं मान्य. हेडर पाहिलेच नव्हते. लाज वाटली.

सुतावरून, चावीबद्दलही मान्य. पुन्हा करतो. पण एक सांगतो, तुमच्या तर्काने कुठलंही प्लगिन कधीच निर्दोष ठरू शकत नाही. २४ दिवस थांबलो तर तुम्ही म्हणाल २५व्या दिवशी सुरू करत असेल.

सुतावरून :

म्हणणारच! आणि चुकीचं काय त्यात? न वापरलेले टॅब झोपवणारं द ग्रेट सस्पेंडर हे एक्स्टेंशन वर्षानुवर्षं उत्तम होतं. २०२० मध्ये मूळ लेखकाने विकलं, फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलला ते मालवेअर म्हणून बंद करावं लागलं. २०१९ मध्ये तुम्ही त्याची झडती घेतली असती तर शंभरपैकी शंभर गुण दिले असतेत. एक्स्टेंशनं गुपचूप अपडेट होतात. तुम्ही तपासता ती आजची आवृत्ती, 'सर्व साइटवरचा विदा वाचणे व बदलणे' ही परवानगी मात्र उद्याच्या आवृत्तीलाही मिळालेली असते. माझा आक्षेप त्या परवानगीला आहे.

रिकामटेकडी :

मग हा आक्षेप जाहिराती अडवणाऱ्या आणि पासवर्ड भरून देणाऱ्या बहुतेक सगळ्यांनाच लागू. 'हे प्लगिन हेर आहे' याचा तो पुरावा कसा? 'उद्या कोणीही चोर होऊ शकतो' एवढंच त्यातून निघतं.

उलटतपासणी :

पाच आठवड्यांनी परत आलोय. जे झालं ते जसंच्या तसं.

आधी शहाणपणा करून संगणकाचं घड्याळ ४० दिवस पुढे ढकललं. प्लगिनला काही पत्ता लागला की नाही माहीत नाही, पण काही साइट उघडेनात. त्यांची सुरक्षा प्रमाणपत्रं त्या पुढच्या तारखेला 'संपलेली' होती. नाद सोडला. जुन्या लॅपटॉपवर ते प्रोफाइल खरंच ३५ दिवस चालू ठेवलं आणि ब्राउझर आणि इंटरनेटच्या मधोमध मिटमप्रॉक्सी (कूटबद्ध रहदारी उलगडून दाखवणारं साधन) बसवून सगळी रहदारी टिपून घेतली. सुरुवातीला वायरशार्क हे रहदारी टिपणारं साधन लावलं होतं, पण कूटबद्ध रहदारीत ते कोणाशी बोलणं झालं एवढंच सांगतं, काय बोलणं झालं ते नाही.

सापळा : चार पानं ठेवली होती. लॉगमध्ये त्या चार पत्त्यांवर माझ्याखेरीज एकही फेरी नाही. ३५ दिवसांत पूर्ण पत्ता एकदाही बाहेर गेला नाही. २४व्या दिवशी काही नाही, २५व्याही नाही. (सुतावरून, तुमच्यासाठी मुद्दाम पाहिलं.)

आता हेडर. कळफलक, कुकी आहे. बत्तीस अक्षरी, प्रत्येक रिक्वेस्टमध्ये तीच.

रिकामटेकडी :

सर्व्हरवरचा भार वाटायला पण कुकी देतात. तेवढ्यावरून फाशी नको. तिची मुदत बघितलीत का?

उलटतपासणी :

तोच विचार करून बघितली. भारवाटपाची कुकी सहसा ब्राउझर बंद केला की जाते, फार तर काही दिवस टिकते. हिची मुदत नेमकी ४०० दिवस. क्रोम त्याहून जास्त कोणालाच देत नाही, जास्त मागितली तर तिथे कापतो. म्हणजे यांनी ४०० तरी मागितले, किंवा त्याहून जास्त.

पुढचं जास्त लागलं. प्लगिन काढून टाकलं, ब्राउझर बंद केला, दुसऱ्या दिवशी परत बसवलं. पहिलीच रिक्वेस्ट गेली ती तीच बत्तीस अक्षरं घेऊन. कुकी प्लगिनची नसतेच, त्या डोमेनच्या नावावर ब्राउझरकडे जमा असते. प्लगिन गेलं तरी ती राहते.

सुतावरून :

म्हणजे एक ओळखक्रमांक, आणि त्याच्यासमोर तुम्ही उघडलेल्या प्रत्येक नव्या डोमेनचं नाव, वेळेसकट. रोगाच्या नावाची साइट, वकिलाची साइट, नोकरी शोधायची साइट. याला तुम्ही काय म्हणता? मी यादी म्हणतो.

रिकामटेकडी :

यादी *करता येईल*. केली आहे, विकली आहे, याचा पुरावा अजून नाही. जुनं खोड म्हणाले तो दुसरा प्रश्न, त्याला इथून उत्तर नाही. माझं मत अजून तेच, याला स्पायवेअर म्हणणं अन्याय आहे. निष्काळजी म्हणा.

जुनं खोड :

ताई, ४०० दिवस चुकून लिहिले जात नाहीत. कोणीतरी कीबोर्डवर बसून आकडा टाकलाय. २०१६ मध्ये वेब ऑफ ट्रस्ट या साइटची विश्वासार्हता दाखवणाऱ्या एक्स्टेंशनने गोळा केलेला विदा विकला जातोय हे जर्मनीच्या एनडीआर वाहिनीने दाखवलं, तेव्हाही बचाव हाच होता की माहिती निनावी केलेली असते. पत्रकारांनी त्या 'निनावी' यादीतून खरी माणसं शोधून काढली. इथे पूर्ण पत्ते नाहीत, डोमेनच आहेत, हा फरक मोठा आहे, तो मी मानतो. पण निष्काळजी नाही म्हणणार.

कळफलक :

एक सोपी कसोटी राहिली. क्रोमच्या सेटिंगमध्ये त्या एका डोमेनला कुकी ठेवायला मनाई करा, जुनी पुसा, आणि प्लगिन चालतं का ते बघा.

उलटतपासणी :

आत्ताच केलं. साइटचं वय पूर्वीइतक्याच वेगाने दिसतंय. कुठे अडलं नाही, कसली तक्रार नाही.

'बदनामी उगाच' हे शब्द मागे घेतो. 'स्पायवेअर' मी अजूनही म्हणणार नाही, त्यावर सुतावरून यांच्याशी भांडायची तयारी आहे. बनवणाऱ्यांना एका ओळीचं पत्र टाकलंय : कुकीशिवाय तुमचं सगळं चालतं, मग ती कशाला? उत्तर आलं तर इथे डकवतो.

सुतावरून :

आणि तोवर ठेवणार आहात?

उलटतपासणी :

कुकी अडवून, हो. परवाच 'वय : ३ दिवस' दिसलं, कुरियरच्या नावाने आलेली लिंक होती.