खाडीतली कालवं: जात एक की दोन? डीएनएने कळेल का?

खाडीकाठची:
आमच्या भाट्याच्या खाडीत दोन तऱ्हांची कालवं मिळतात. वरच्या कातळाला घट्ट चिकटलेली लहान, आणि उधाणाच्या सुकतीलाच उघडी पडणारी लांबट. आई म्हणते, दोन्ही एकच, जागा मिळेल तसं अंग धरतात. एमएस्सीच्या प्रकल्पात हेच तपासायचंय. डीएनए करावा का? नमुने फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेले चालतील?

पिपेटवाला:
फॉर्मॅलिन अजिबात नको, डीएनएची वाट लागते. ९५ टक्के इथेनॉल घ्या आणि दुसऱ्या दिवशी बदला, कारण कालवाच्या अंगातलं पाणी त्यात उतरतं. अख्खं मांस टाकू नका. दोन शिंपा मिटून धरणारा स्नायू तेवढा कापून घ्या. पोटाकडचा भाग घेतला तर त्याने खाल्लेलं शेवाळही सोबत येतं, शिवाय बुळबुळीतपणा पीसीआरला (डीएनएच्या भरपूर प्रती काढण्याच्या प्रक्रियेला) आडवा येतो.
आईचं म्हणणं उडवून लावू नका. गर्दीत वाढलेलं कालव लांबट होतं, सपाट कातळावरचं पसरट. नुसत्या फोटोंवर जात ठरवणारे म्हणूनच फसतात. पण शिंप उघडून बिजागरीजवळची आतली कड भिंगातून बघा. कालवांचे दोन गट आहेत: बारीक दाणे दिसले तर बहुधा सॅकोस्ट्रिया, कड गुळगुळीत असेल तर मॅगालाना. हे फुकटात होतं, आधी करा.

बंदरावरचा:
खायला दोन्ही सारखीच लागतात हो! बाकी चालू द्या.

खाडीकाठची:
😄 दादा, सीओआय जनुक वाचून घेतला, जीनबँकेत (डीएनए नोंदींच्या जाहीर साठ्यात) ९९ टक्के जुळला, की नाव पक्कं ना?

पिपेटवाला:
तिथेच घाई नको. सीओआयचा साधारण ६५० अक्षरांचा तुकडा २००३ पासून प्राण्यांची जात ओळखायच्या 'बारकोड'साठी वापरतात, पण जीनबँकेतलं नाव शेवटी कुणीतरी माणसानेच दिलेलं असतं. आपल्याकडचं क्रॅसोस्ट्रिया मद्रासेन्सिस आता मॅगालाना बिलिनिएटा मानलं जातं, तरी जुन्या नावाच्या नोंदी आहेतच. सॅकोस्ट्रिया कुकुलाटा तर एकच जात नसून जवळच्या जातींचा गोतावळा असल्याचं जनुकांवरूनच दिसलं. म्हणून जुळणीच्या यादीत पहिल्या ओळीत आलेलं नाव उचलू नका, जुळणाऱ्या सगळ्या नोंदी घेऊन वंशवृक्ष काढा. दोन्ही जागांची पाच-पाच कालवं पुरेत सुरुवातीला. आणि शिंपा फेकू नका, नंबर घालून ठेवा. चिठ्ठी पेन्सिलीने लिहा, शाई इथेनॉलमध्ये विरघळते.